विस्नूचं आडनाव

परदेशी माणसाला नोकरीवर ठेवायचं तर कंपनीला एक हमीपत्र लिहून द्यावं लागतं. या माणसाच्या वागण्याची, राहण्याची आणि मुदत संपल्यावर देश सोडून जाण्याची सगळी जबाबदारी आमची, असा त्याचा मतलब. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्या एका कंपनीत मी असली पत्रं बरीच वर्षं लिहिली. हुद्दा प्रशासन अधिकारी. कामगार म्हणायचे, 'व्हिसावाले भालेराव'. आमच्या नात्यागोत्यात अजून समज आहे की मी लोकांना फॉरेनला पाठवत होतो. दोघांनी तर 'पोराचं जर्मनीचं बघा' म्हणून बायोडाटा आणून दिला. त्यांना किती वेळा सांगितलं, बाबांनो, मी पाठवत नव्हतो, आलेल्यांना सांभाळत होतो.

सांभाळणं म्हणजे कागद सांभाळणं. माणूस मोठ्या मुदतीवर आला की चौदा दिवसांत त्याची नोंद करायची. घर मिळालं की घरमालकानं पोलिसांना कळवायचं. घर बदललं की पुन्हा सगळं. एका कोरियन साहेबांनी मला न सांगता पडेगावकडं मुक्काम हलवला, कारण काय, तर तिथून सकाळी फिरत दौलताबादच्या रस्त्याला लागता येतं. त्यांच्या त्या फिरण्यापायी मी पोलीस आयुक्तालयाच्या चार चकरा मारल्या. मोठे हसतमुख गृहस्थ होते, पण मला तेव्हा त्यांचा लई राग आला होता.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट पटकन समजत नाही, ती आधी सांगून टाकतो. हा नोकरीचा व्हिसा माणसाला मिळत असला, तरी तो बांधलेला असतो कंपनीला. कंपनीनं बोलावलं म्हणून तो आला, कंपनीनं नको म्हटलं की त्याचा इथला पाया गेला. मनात आलं म्हणून दुसरीकडं लागता येत नाही. बायको-मुलं आली असतील तर त्यांचा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. मोठा पगार, मोठा मान, आणि सगळं एका पत्रावर लटकलेलं. हे पत्र मी लिहायचो, याचा मला चांगलाच तोरा होता. माझ्या फायलीत चूक नसते, असं मी चारचौघांत म्हणायचो. त्याच फायलीची ही गोष्ट आहे.

विस्नू इंडोनेशियाचा. जावा बेटावरच्या जेपारा नावाच्या गावचा. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगानं किडकिडीत, बोलणं कमी. त्याचे वडील लाकडावर कोरीवकाम करायचे, हा पोलादावर करायचा. गाडीचा डॅशबोर्ड असतो ना, तो पोलादाच्या साच्यात गरम प्लास्टिक दाबून काढतात. साच्याला आतून केसाएवढा ओरखडा असला तर तो प्रत्येक डॅशबोर्डवर उमटतो. आमच्याकडं तसला एक महागडा साचा येऊन पडला होता आणि कुणाच्या हाताला येत नव्हता. विस्नू आला, डोळे मिटून साच्याच्या आतून अंगठा फिरवला आणि खडूनं पाच ठिकाणी खुणा केल्या. टूलरूममधले आमचे जुने फिटर, जे कुणालाच मानत नाहीत, ते त्या दिवशी म्हणाले, "भालेराव, ह्याला जाऊ देऊ नका."

पासपोर्टवर त्याचं नाव होतं फक्त विस्नू. त्याच्या मुलखात पुष्कळ लोकांना एकच नाव असतं. व्हिसासुद्धा तेवढ्याच नावावर झाला होता. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग घर बघायला निघालो. परदेशी माणसाबरोबर घर शोधायला मी स्वतः जायचो. ड्रायव्हरला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण माझं कारण जुनं होतं. आम्ही बौद्ध. नोकरीच्या सुरुवातीला या शहरात खोली शोधत फिरलो, तेव्हा खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, चहा यायचा, आणि मग मालक चहा फुंकत विचारायचा, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मी सांगायचो. लगेच मालकाच्या साडूचा मुलगा शिकायला येणार असल्याचं त्याला आठवायचं. सात घरं फिरलो, सातही घरी साडूचा मुलगा येणार होता. तेव्हापासून घरमालकानं आडनाव विचारलं की मी अजूनही आधी चपला शोधतो.

चिकलठाणा गावात, विमानतळाच्या अंगाला, कचरूमामांचं नवीन दोनमजली घर होतं. मामा जुने शेतकरी, मुलगा शहरात नोकरीला, वरचा मजला मोकळा. विस्नूला घर आवडलं. मामींनी चहा आणला. मामांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "आडनाव काय पाव्हण्याचं?"

कंपनीत आल्यापासून ऐकून ऐकून विस्नूला तेवढा प्रश्न कळायचा. तो 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मी बोलून गेलो, "जेपारकर."

"कोणचे म्हणं हे जेपारकर?"

"लई लांबचे, मामा. समुद्रापल्याड जेपारा म्हणून गाव हाय त्यांचं."

"आस्सं. गावावरनं पडलं म्हणा नाव," मामा म्हणाले आणि किल्ली काढून दिली.

मी का तसं बोललो? भीतीनं. बिनआडनावाच्या माणसाला कोण घर देणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढं कळलं की मामांना काही फरक पडला नसता. पहिल्याच शुक्रवारी विस्नू शहागंजला मशिदीत जाऊन आला, तेव्हा मामांचा मला फोन आला.

"भालेराव, ह्यो विष्णू नमाज पडतो व्हय?"

"पडतो मामा. त्यांच्याकडं अशीच नावं असतात."

पलीकडं मामा-मामींची कुजबुज ऐकू आली. मला वाटलं, गेली खोली. मग म्हणाले, "मंग चतुर्थीची खिचडी त्याला चालती का नाय? मामी इचारतीय."

तर असे मामा. फक्त पोलिसांच्या फॉर्मवर सही करायला ते तयार होईनात. "घरी आलेल्या पाव्हण्याचं नाव ठाण्यात लिवायचं? त्यो काय चोर हाय?" हे त्यांचं म्हणणं. अर्धा दिवस समजूत घातली, तेव्हा सही झाली.

घराच्या करारात मी विस्नूचं नाव पूर्ण लिहिलं. पूर्ण म्हणजे आपल्याकडं जसं लिहितात तसं. आधी त्याचं, मधे वडिलांचं, शेवटी आडनाव, त्यातलं 'कर' तेवढं गाळून: विस्नू कार्तोनो जेपारा. कंपनीच्या कॉम्प्युटरलाही तीन रकाने भरल्याशिवाय चैन पडत नव्हतं, तिथंही तेच. मग ओळखपत्र, पगाराची पावती, कराचे कागद, सगळीकडं तेच नाव गेलं. सगळे कागद एकमेकांशी जुळले म्हणून मी खूश. ते पासपोर्टशी जुळत नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तीन नावांशिवाय माणूस पुरा होत नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्यात काही बदल केला असं मला वाटलंच नाही.

विस्नूनं मात्र ओळखपत्र हातात घेऊन विचारलं होतं. आमचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं कारखान्यातलं हिंदी, इथं मराठीत लिहितो. तो म्हणाला, "काका, कार्तोनो माझे वडील आहेत. मी नाही."

"इथं असंच लिहितात."

"आणि जेपारा तर गाव आहे."

"इथं गाव पण चालतं."

त्यानं ते कार्ड गळ्यात घातलं. टूलरूममध्ये त्याला सगळे 'जेपारकर' म्हणायला लागले. तोही ओ द्यायचा.

दोन-तीन महिन्यांनी त्याची बायको रत्ना आली. मामींचं आणि तिचं एकमेकींच्या भाषेचं एक अक्षर न येता जमलं. मामी भाकरी थापायच्या, ती बघायची. ती नारळाच्या दुधात काहीबाही शिजवायची, मामी नाक मुरडत खायच्या आणि पुन्हा वाटी पुढं करायच्या. वर्ष संपत आलं तेव्हा रत्नाला आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता विमानप्रवास करायचा नाही, बाळंतपण इथंच करा. मामींनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली.

व्हिसा वाढवायचा अर्ज मी वेळेत भरला होता. आता तो कॉम्प्युटरवरच भरतात, पण शंका निघाली की आयुक्तालयातल्या विदेशी नागरिकांच्या टेबलासमोर उभं राहावंच लागतं. मुदत संपायला अठरा दिवस राहिले असताना शंका निघाली. पासपोर्ट विस्नूचा आहे, मात्र पगार घेतो विस्नू कार्तोनो जेपारा, घरात राहतो विस्नू कार्तोनो जेपारा. ही एकच व्यक्ती असल्याचं कंपनीनं लिहून द्यावं. चूक काढणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्या खुर्चीत असतो तर मीही हेच विचारलं असतं.

मी तो मजकूर तीनदा वाचला. अठरा दिवसांत हे निस्तरलं नाही तर नवराबायको दोघंही बेकायदा. बाई विमानात बसू शकत नाही, आणि तारखेनंतर देशात राहू शकत नाही. आणि हे सगळं मी, वसंत नामदेव भालेराव यानं, कुणी सांगितलं नसताना केलेलं.

कँटीनमध्ये विस्नूला गाठून सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "काका, मी तेव्हा सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

"रत्नाला काय सांगू?"

मी ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं. एवढं म्हणालो, "आजच्या दिवस काही सांगू नकोस."

आमचे प्लँट हेड नवीन होते, पुण्याहून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण साचा चालू झाला होता आणि त्यांच्या लेखी विस्नूचं काम संपत आलं होतं. पत्राचा मसुदा वाचून त्यांनी तो परत केला.

"कंपनीनं माणसाला खोटं नाव लावलं, असं मी सही करून देऊ?"

"खोटं नाही सर. चुकीचं. आणि लावलं मी."

"भालेराव, या पत्रामुळं उद्या आपल्या सगळ्याच परदेशी लोकांचे कागद तपासायला निघाले तर? मुदत संपली की तो जाईल. हमीपत्रात तसंच लिहिलंय ना? तुम्हीच लिहिलंय."

"बायकोला आठवा महिना आहे, सर."

"तुम्ही अर्ज केलात त्याला माझी ना नाही. पण हे पत्र मिळणार नाही."

मी बाहेर आलो. आमच्या गेटच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं आणखी एक साच्यांची कंपनी आहे. तिथले मॅनेजर मला दोनदा म्हणाले होते, तुम्हाला नको असेल तर विस्नू आम्हाला द्या. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागत नाहीत. पण विस्नूला तो ओलांडायचा तर आधी जकार्ताला जाऊन, नवीन व्हिसा काढून, परत यावं लागणार होतं. पानटपरीसाठी तो रस्ता आम्ही दिवसातून चारदा ओलांडायचो. त्या दिवशी मी गेटवर उभा राहून समोरच्या पाटीकडं बघत बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला आडनाव विचारलं की इतका राग येतो. अन् त्या बिचाऱ्याला नव्हतं, तर तुम्ही चिकटवलं?" तिनं भाजी निवडता निवडता सहज विचारलं, पण मला फार लागलं. खरंच, आयुष्यभर जिचा जाच सोसला ती गोष्ट मी एका सुटलेल्या माणसाच्या गळ्यात अडकवली होती, वर त्याला म्हणालो होतो, इथं असंच असतं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कोर्टाजवळ जाऊन स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. कंपनीचं नाही, माझं स्वतःचं. या माणसाला एकच नाव आहे, बाकीची दोन मी माझ्या मनानं लावली, त्याचा यात काही दोष नाही. टायपिस्टनं विचारलं, "साहेब, निवृत्तीला किती राहिलं?" पाच महिने, म्हणालो. तो म्हणाला, "मग कशाला?" मी म्हणालो, "तू टाईप कर."

आयुक्तालयात त्या टेबलावर एक बाई अधिकारी होत्या. मला ओळखत होत्या, माझ्या फायलींचं एकदोनदा कौतुकही केलं होतं. त्यांनी कागद वाचला.

"भालेराव, तुम्ही? असं का केलंत?"

"रकाना रिकामा होता, मॅडम."

"रिकामा ठेवायचा की."

त्या पुढं म्हणाल्या, "कंपनीचं पत्र नसेल तर नुसत्या तुमच्या शब्दावर नाही भागणार. घरमालकाचा जबाब लागेल. समक्ष."

झालं. आता मामांना आयुक्तालयात आणायचं. ज्या माणसानं घरातल्या घरात फॉर्मवर सही करायला अर्धा दिवस घेतला, त्याला. मी चाचरत विषय काढला. मामांनी ऐकून घेतलं, आत गेले, धुतलेलं धोतर नेसून आले आणि मामींना म्हणाले, "पोरीला काय सांगू नको. आलोच." रिक्षात मी त्यांना खरंही सांगून टाकलं, की जेपारकर वगैरे काही नाही, ते मी रचलं होतं. मामा खेकसले, "मंग आदी का नाय बोलला? म्या काय आडनाव खात व्हतो का?"

टेबलासमोर मामा ताठ बसले. मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरात राहणारे विस्नू आणि विस्नू कार्तोनो जेपारा हे एकच का?"

"एकच हाय. इष्णू. दोन आसते तर भाकरी दोघाला घातली आसती ना, म्याडम."

मॅडमनी खाली बघून हसू आवरलं आणि जबाब लिहायला घेतला. मामांनी सही केली आणि कुणी सांगितलं नसताना अंगठाही उठवून दिला.

मुदत संपायला तीन दिवस उरले असताना बाळंतपणापुरती चार महिन्यांची वाढ मिळाली. विस्नूचा फोन आला, 'काका' एवढंच ऐकू आलं. मग मामींचा आवाज, "भालेराव, ह्यो रडतोय हो." मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढचं चटकन सांगतो, कारण ते गोड नाही. वरिष्ठांना न विचारता परस्पर प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल मला मेमो मिळाला. इतक्या वर्षांतला पहिला आणि शेवटचा. चार महिन्यांनंतर कंपनीनं विस्नूचा व्हिसा वाढवला नाही. समोरच्या कंपनीनं त्याला बोलवायचे कागद करायला घेतले, मग त्यांची मोठी ऑर्डर गेली आणि ते कागद तिथंच राहिले. साच्याच्या आतून डोळे मिटून अंगठा फिरवणारा माणूस आमच्या हातचा गेला. टूलरूमचे फिटर अजून भेटले की मला ऐकवतात, जणू मीच त्याला घालवलं. थोडं खरंही आहे ते.

पण विस्नू आणि रत्ना जायच्या आधी एक काम राहिलं होतं. रत्नाला मुलगी झाली होती. बाळाला देशाबाहेर न्यायचं तर आधी जन्माचा दाखला लागतो, त्यावरून त्यांच्या वकिलातीतून पासपोर्ट, मग जाण्याची परवानगी. दाखल्यावर एक शब्द जास्तीचा पडला तरी पोर अडकणार. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर मी बरोबर गेलो. विस्नूच्या छातीशी मुलगी, मामींनी शिवलेल्या दुपट्यात.

खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "बाळाचं नाव?"

"कार्तिका सारी," विस्नू म्हणाला.

"सारी म्हणजे आडनाव का?"

"नाही ताई," मी म्हणालो, "दोन्ही नावं पोरीचीच."

"बरं. मग मधे वडिलांचं टाकते. आणि शेवटी आडनाव सांगा."

विस्नूनं माझ्याकडं पाहिलं. मग पोरीला घट्ट धरून तो हळूच, मराठीत म्हणाला, "जेपारकर."

त्याचा चेहरा मला नीट ओळखता आला. कचरूमामांच्या ओसरीवर मी तो शब्द बोललो, तेव्हा माझा चेहरा असाच असणार. काम अडू नये, कुणी परत पाठवू नये, म्हणून माणूस विचारतील ते द्यायला तयार होतो. इथं राहून आमच्याकडून तो एवढं शिकला होता.

"नाही," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला, मागची रांग बघायला लागली. "आडनाव नाही. मधे पण काही टाकू नका. वडिलांचं नाव खाली वेगळं आहे, तिथं लिहा."

"अहो काका, रिकामं ठेवलं तर पुढं पोरीला त्रास होतो."

"भरलं तर जास्त होतो, ताई. मला ठाऊक आहे."

"मग एक रेघ मारते."

"रेघसुद्धा नको. उद्या कुणी म्हणायचं, हिचं आडनाव रेघ."

ताई हसल्या आणि त्यांनी छापायला दिलं. दाखला विस्नूच्या हाती आला. त्यानं एकेका ओळीवरून अंगठा फिरवला, साच्यावरून फिरवायचा तसा, सावकाश. मग कागद माझ्याकडं दिला. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पुन्हा तपासलं. कार्तिका सारी, आणि त्यापुढं कोरा कागद.